पद राखीव असताना आणि खुले झाल्यावर: महिला नेतृत्वामुळे इतर महिलांचा सहभाग वाढतो का?

भुदरगड तालुक्यातील एका विद्यार्थिनीने विचारलेला प्रश्न असा आहे: आमच्या गावात पाच वर्षे सरपंचपद महिलेसाठी राखीव होते, आता ते खुले झाले आहे, महिला सरपंच होत्या म्हणून गावातील इतर महिलांचा राजकारणातील सहभाग खरोखर वाढला असे म्हणता येईल का, आणि वाढला असेल तर तो पुढे टिकेल का? हे उत्तर तिला एम. ए.च्या प्रबंधासाठी हवे आहे, आणि थोडे स्वतःसाठीही, असे तिने लिहिले आहे.

गेली पंचवीस वर्षे मी कोल्हापूर जिल्ह्यात निवडून आलेल्या महिला सदस्यांची आणि सरपंचांची प्रशिक्षणे घेते आहे. त्या अनुभवावरून आणि या विषयावर झालेल्या अभ्यासांवरून माझे उत्तर असे आहे की सहभाग वाढतो. मात्र एखादी स्त्री पदावर दिसते एवढ्याने तो जितका वाढतो, त्याहून पुष्कळ अधिक तो ती स्त्री आपल्याला गाठता येते, तिला वाटेत थांबवून आपले म्हणणे सांगता येते, यामुळे वाढतो. ज्या गावात ही पोहोच तयार झाली तेथे पद खुले झाल्यावरही काहीतरी शिल्लक राहते. जेथे ती झाली नाही तेथे पाच वर्षे महिला सरपंच असूनही बाकीच्या महिला होत्या तेथेच राहतात, आणि ही दोन्ही प्रकारची गावे मी एकाच तालुक्यात, एकमेकांच्या शिवेला लागून पाहिली आहेत.

सहभाग म्हणजे काय हे आधी वेगळे करून घेतले पाहिजे, कारण मतदान करणे, सभेला येणे, सभेत तोंड उघडणे, कार्यालयात जाऊन तक्रार देणे आणि उमेदवारी करणे या गोष्टी एकत्र वाढत नाहीत. मतदानाचा महिला नेतृत्वाशी संबंध फार थोडा आहे असे माझे मत आहे. १९६२ च्या लोकसभा निवडणुकीत पुरुषांचे मतदान सुमारे ६३ टक्के आणि महिलांचे सुमारे ४७ टक्के होते. २०१९ मध्ये महिलांनी पुरुषांना किंचित मागे टाकले आणि २०२४ मध्ये दोघांचे प्रमाण जवळजवळ सारखे होते. हे अंतर देशभर मिटले. जेथे महिला उमेदवार होत्या तेथेही आणि जेथे एकही नव्हती तेथेही. शिक्षण, मतदार नोंदणी, गावातच आलेले मतदान केंद्र आणि अलीकडे महिलांच्या खात्यावर थेट जमा होणाऱ्या योजना यांचा त्यात मोठा वाटा असावा. म्हणून प्रबंधात मतदानाची टक्केवारी देऊन महिला नेतृत्वाचा परिणाम सिद्ध करायला जाऊ नये. खरा प्रश्न मतदान केंद्राबाहेर पडल्यानंतर सुरू होतो.

आपल्या देशात या प्रश्नाचा नीट अभ्यास करता आला याचे कारण आरक्षणाची पद्धत हेच आहे. ७३ वी घटनादुरुस्ती २४ एप्रिल १९९३ रोजी अमलात आली आणि पंचायतींमध्ये एक तृतीयांश जागा व पदे महिलांसाठी राखीव झाली. महाराष्ट्राने त्याआधी, १९९० मध्येच, स्थानिक स्वराज्य संस्थांत ३० टक्के आरक्षण दिले होते आणि २०११ मध्ये ते ५० टक्क्यांवर नेले. कोणत्या गावाचे पद राखीव व्हायचे हे त्या गावातील महिलांच्या जागृतीवर अवलंबून नसते. ते फिरत असते. त्यामुळे राखीव आणि खुल्या गावांची तुलना केली की दिसणारा फरक हा महिला नेतृत्वाचाच, असे बऱ्याच खात्रीने म्हणता येते. राघवेंद्र चट्टोपाध्याय आणि एस्थर डुफ्लो यांनी पश्चिम बंगालमधील बीरभूम आणि राजस्थानातील उदयपूर या जिल्ह्यांत अशी तुलना केली आणि ती २००४ मध्ये प्रसिद्ध झाली. बीरभूममध्ये जेथे प्रधान, म्हणजे पंचायतीची प्रमुख, महिला होती तेथे ग्रामसंसदेला, म्हणजे तेथील गावसभेला, येणाऱ्यांमध्ये महिलांचा वाटा सुमारे दहा टक्के होता. इतरत्र तो सात टक्क्यांच्या आसपास होता. महिलांनी पंचायतीकडे मागणी किंवा तक्रार नेण्याचे प्रमाणही वाढलेले दिसले. उदयपूरमध्ये सभेच्या उपस्थितीत असा फरक आढळला नाही. दोन्ही जिल्ह्यांत मात्र महिला प्रमुखांनी पिण्याच्या पाण्यावर अधिक खर्च केला, कारण पाणी ही महिलांची पहिली मागणी होती.

सातावरून दहा ही वाढ किरकोळ आहे असे माझ्या प्रशिक्षणातील पुष्कळ जणी म्हणतात. मी त्यांना सांगते की दहा टक्के म्हणजेही सभेत शंभरात नव्वद पुरुष. आणि तरीही मागणी नोंदवण्यात फरक पडला, हे यातील खरे मोलाचे आहे. सभेला आलेल्या महिलांच्या संख्येहून, त्यांनी मांडलेल्या गोष्टीचे पुढे काय झाले हे मी अधिक महत्त्वाचे मानते.

याचे एक उदाहरण मी जवळून पाहिले आहे. करवीर तालुक्यातील नदीकाठच्या एका गावात ५० टक्के आरक्षणानंतरच्या पहिल्या फेरीत सरपंचपद महिलेकडे आले. नियमाप्रमाणे ग्रामसभेच्या आधी महिलांची सभा घ्यावी लागते. ती तेथे वर्षानुवर्षे सकाळी अकराला ग्रामपंचायतीच्या खोलीत होत असे, आणि अकराला गावातील बाई उसाच्या भांगलणीला गेलेली असते. पहिल्या सभेला हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या महिला होत्या, त्यातही दोन अंगणवाडीच्या. सरपंच झालेल्या या बाई स्वतः दोन म्हशींची धार काढून सकाळ-संध्याकाळ डेअरीला दूध घालणाऱ्या होत्या. त्यांनी पुढची सभा संध्याकाळी, दूध संकलन उरकल्यावर, मंदिराच्या मंडपात ठेवली. त्याहून महत्त्वाचे म्हणजे त्या रोज किटली घेऊन रांगेत उभ्या राहत आणि पिशवीत एक दोनशे पानी वही ठेवत. कोणी म्हणे, "वैनी, नळाला पाणी रात्री अकराला येतंय, झोपायचं कवा आन् पहाटं उठायचं कवा?" की त्या तेथेच, फॅट लावणाऱ्या मुलाच्या टेबलावर वही टेकवून, तारीख घालून लिहून घेत. पुढच्या महिला सभेत ती वही वाचली जाई: कोणी काय सांगितले, काय झाले, काय झाले नाही आणि का नाही. आपण डेअरीच्या रांगेत बोललेले वाक्य सभेत सगळ्यांसमोर वाचले जाते आणि ग्रामसेवकाला त्याचे उत्तर द्यावे लागते, हे ज्या दिवशी त्या महिलांनी ऐकले त्या दिवसापासून मंडप भरू लागला. पाण्याची वेळ बदलायला आठ महिने लागले, पण त्या आठ महिन्यांत एकही सभा रिकामी गेली नाही.

पुढच्या वेळी ते पद खुले झाले, सरपंच पुरुष झाले आणि वही बंद पडली. तरी त्या मंडपात बोलणाऱ्या दोघी जणी पुढे निवडणुकीला उभ्या राहिल्या; एक थोडक्या मतांनी पडली, दुसरी निवडून आली आणि नंतर उपसरपंच झाली. या दोघींपैकी कोणाच्याही घरात आधी कोणी सदस्य नव्हते.

हाच अनुभव मुंबईत मोठ्या प्रमाणावर मोजला गेला आहे. रिखिल भावनानी यांनी मुंबई महानगरपालिकेच्या १९९७ आणि २००२ च्या निवडणुकांची तुलना केली. जे प्रभाग १९९७ मध्ये महिलांसाठी राखीव होते आणि २००२ मध्ये खुले झाले, तेथे महिला निवडून येण्याची शक्यता आधी राखीव नसलेल्या खुल्या प्रभागांच्या तुलनेत सुमारे पाच पट होती. कारणे दोन होती: आरक्षणामुळे निवडणूक जिंकण्याची क्षमता असलेल्या महिला तयार झाल्या, आणि महिला उमेदवार जिंकू शकते हे पक्षांना कळले. तरीही पाच पट हा शब्द जपून वाचावा, कारण मुळात ती शक्यता इतकी थोडी होती की पाच पट होऊनही बहुसंख्य खुल्या प्रभागांत पुरुषच निवडून आले. आरक्षण निघाले की परिणाम संपतो असे नाही, पण जागा परत भरण्यास तो पुरेसाही नाही. आपल्या गावाबद्दल विचार करताना या दोन्ही बाजू समोर ठेवाव्यात.

काळाबद्दल आणखी एक गोष्ट बीरभूममध्येच पुढे दिसून आली. पहिल्यांदा आलेल्या महिला प्रधानांना गावाने पुरुषांपेक्षा कमी लेखले, त्यांचे काम कमी प्रतीचे नसतानाही. दुसऱ्यांदा महिला प्रधान आल्यावर ही अढी बरीच विरली, आणि ज्या पंचायतींत दोन वेळा आरक्षण होते तेथे खुल्या जागांवर अधिक महिला उभ्या राहिल्या व निवडून आल्या. २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात तर असे दिसले की अशा गावांत मुला-मुलींबद्दल आई-वडिलांच्या अपेक्षांमधील तफावत एक चतुर्थांशाने आणि किशोरवयीन मुला-मुलींच्या स्वतःच्या अपेक्षांमधील तफावत जवळजवळ एक तृतीयांशाने कमी झाली, आणि शिक्षणातील फरक मिटला. हे एका पाच वर्षांत झाले नाही. आपल्याकडे सरपंचपदाच्या आरक्षणाची सोडत निघते, गाव एकदा राखीव होते, मग खुले, मग कधी वेगळ्या प्रवर्गाला जाते. पहिल्या बाईने सोसलेल्या अढीचा लाभ दुसऱ्या बाईला मिळण्याआधीच साखळी तुटते. आरक्षण फिरण्याचे तत्त्व न्यायाचे आहे हे मला मान्य आहे, परंतु सलग दोन कार्यकाळ राखीव ठेवण्याचा विचार झाला पाहिजे, असे मी प्रत्येक व्यासपीठावर मांडत आले आहे.

आता वरच्या पातळीकडे पाहू. तेथील चित्र वेगळे आहे आणि ते प्रबंधात एकाच प्रकरणात मिसळू नये. देशातील १६ राज्यांच्या १९८० ते २००७ या काळातील विधानसभा निवडणुकांच्या अभ्यासात, महिला जेमतेम जिंकलेल्या आणि जेमतेम हरलेल्या मतदारसंघांची तुलना केली गेली. महिला आमदार झाल्यावर पुढच्या निवडणुकीत प्रमुख पक्षांच्या महिला उमेदवारांचे प्रमाण वाढलेले दिसले, पण त्याचे कारण मुख्यतः आधीच लढलेल्या महिलांनी पुन्हा उभे राहणे हे होते. नव्या महिला आत आल्या नाहीत, महिलांचे मतदान वाढले नाही आणि शेजारच्या मतदारसंघावरही परिणाम झाला नाही. अमेरिकेतील राज्यांच्या विधिमंडळांबाबत झालेल्या अशाच अभ्यासातही एक महिला जिंकल्याने इतर महिला मतदानाला किंवा उमेदवारीला पुढे आल्या असे आढळले नाही. म्हणजे जितके पद उंच, तितका तो परिणाम त्या एका व्यक्तीपाशी थांबतो.

आपल्या जिल्ह्यात हे पडताळून पाहता येते. निवेदिता माने १९९९ आणि २००४ मध्ये इचलकरंजी लोकसभा मतदारसंघातून सलग दोनदा निवडून आल्या. त्यानंतर २००९ पासून २०२४ पर्यंतच्या चारही निवडणुकांत कोल्हापूर आणि इचलकरंजीच्या जागी आलेला हातकणंगले या दोन्ही मतदारसंघांतून एकही महिला लोकसभेत गेली नाही. चंदगडमधून संध्यादेवी कुपेकर आणि कोल्हापूर उत्तरमधून २०२२ च्या पोटनिवडणुकीत जयश्री जाधव आमदार झाल्या; दोघींनाही पतीच्या निधनानंतर रिकाम्या झालेल्या जागेवर उमेदवारी मिळाली होती. त्यांच्या कामाचे मोल यामुळे कमी होत नाही, आणि संध्यादेवींना २०१४ मध्ये मतदारांनी पुन्हा निवडून दिले हेही नोंदवले पाहिजे. परंतु २०२४ मध्ये जिल्ह्यातील दहाही विधानसभा मतदारसंघांतून पुरुष निवडून आले. राज्यात त्या निवडणुकीत ४१३६ उमेदवारांपैकी महिला ३६३ होत्या. ज्या वर्षी प्रत्येक पक्ष महिलांच्या खात्यावर किती रुपये जमा करणार हे सांगत होता, त्याच वर्षी उमेदवारी देताना शंभरात नऊ महिलाही सापडल्या नाहीत, याचे मला अजूनही फार वाईट वाटते. लाभार्थी म्हणून महिलांची यादी घरोघर जाऊन तयार होते. उमेदवार म्हणून तशी यादी कोणी करत नाही.

असे का होते याचे कोल्हापूरपुरते उत्तर मला पक्षांच्या कार्यालयांपेक्षा तालमीत आणि सहकारी संस्थांत सापडते. शहरातील पेठांमध्ये नगरसेवक घडतो तो तालीम मंडळात: गणेशोत्सवाची वर्गणी, फुटबॉलचा संघ, रात्री दवाखान्यात धावून जाणे, भांडण मिटवणे यांतून त्याचे नाव होते. ग्रामीण भागात ती जागा विकास सेवा सोसायटी, दूध संस्था, साखर कारखाना आणि जिल्हा बँक यांची आहे. या पायऱ्या चढूनच माणूस जिल्हा परिषदेत आणि पुढे विधानसभेत जातो, आणि नेमक्या याच पायऱ्यांवर महिला दिसत नाहीत. ९७ व्या घटनादुरुस्तीनंतर सहकारी संस्थांच्या संचालक मंडळात महिलांसाठी दोन जागा राखीव असतात. त्या भरल्या जातात, पण माझ्या पाहण्यात बहुतेक ठिकाणी दोनावरच थांबतात. जिल्हा दूध संघाच्या निवडणुकीत मतदान करायचे असते ते प्राथमिक दूध संस्थांच्या ठरावधारकांनी, म्हणजे संस्थेने ठराव करून ज्याचे नाव मतदार म्हणून पाठवले त्याने. म्हशीला वैरण घालणारी, धार काढणारी, थंडीवाऱ्यात पहाटे किटली घेऊन डेअरीला जाणारी बाई असते. ठराव मात्र पुरुषाच्या नावाने होतो. सभासदत्वाचे कार्ड आणि दुधाचे बिल पतीच्या किंवा सासऱ्याच्या नावावर असल्याने ठराव मागण्याचा अधिकारच तिच्याकडे नसतो. पंचायतीतील महिला सरपंच कितीही कर्तबगार असली, तरी पाच वर्षे संपल्यावर तिला जाण्यासाठी पुढची पायरी येथे नसते, आणि तिच्या मागून येणाऱ्यांना ती पुढे गेलेली दिसत नाही.

शहरातही असेच एक निरीक्षण आहे. कोल्हापूर महानगरपालिकेत २०१५ ते २०२० या कार्यकाळात महापौरपदावर एकामागून एक महिला आल्या. शहराच्या प्रथम नागरिक म्हणून सलग महिला दिसणे ही लहान गोष्ट नव्हती. शाळेच्या बक्षीस समारंभात मुलींनी महापौर म्हणजे बाईच असते असे धरून चालावे, इतके ते सवयीचे झाले होते. मात्र पदाची वाटणी करून घेतल्यामुळे एकेकीच्या वाट्याला वर्षभर किंवा त्याहूनही थोडा काळ आला. सत्काराचे हार उतरेपर्यंत राजीनाम्याची चर्चा सुरू होत असेल, तर वस्तीतील बाईने तिच्यापर्यंत पोचावे कधी आणि पाठपुरावा करावा कधी? कारकीर्द तुकड्यातुकड्यांची झाली की दिसणे उरते आणि पोहोच तयार होत नाही. ही वाटणी पुरुष पदाधिकाऱ्यांबाबतही होते, पण ज्यांचा पायाच नवा आहे त्यांना तिचा फटका अधिक बसतो.

सरपंचपतीबद्दल, म्हणजे महिला सरपंचाच्या नावाने कारभार पाहणाऱ्या पतीबद्दल, विचारल्याशिवाय कोणतीही प्रबंधाची तोंडी परीक्षा होत नाही, म्हणून त्याविषयी माझे मत स्पष्ट लिहिते. पहिल्या वर्षी पतीने कारभार पाहणे यावरून त्या बाईविषयी अंतिम निष्कर्ष काढू नये. माझ्या एका प्रशिक्षणाला आलेल्या सरपंचांचे पती पहिले दोन दिवस सभागृहाच्या दारात खुर्ची टाकून बसत आणि आतून प्रश्न आला की उत्तर बाहेरून येई. त्याच सरपंचांनी तिसऱ्या वर्षी गटाराच्या कामाच्या धनादेशावर सही करण्यापूर्वी मोजमाप पुस्तिका मागवली, स्वतः टेप घेऊन गटार मोजायला लावले आणि लांबी कमी भरल्यावर सही थांबवली. मधल्या काळात त्यांना कोणी धाडस शिकवले नव्हते; ग्रामपंचायतीच्या पैशावर सरपंच आणि ग्रामसेवक या दोघांच्या सह्या लागतात आणि जबाबदारी आपल्यावर येते, एवढेच त्यांना नीट समजले होते. जेथे असे होत नाही, तेथे होणारे नुकसान त्या एका बाईपुरते राहत नाही. सरपंचांशी बोलायचे तर त्यांच्या पतीशी बोलावे लागते, आणि गावातील सून परक्या पुरुषापाशी जाऊन न्हाणीच्या सांडपाण्याविषयी किंवा दारूच्या दुकानाविषयी बोलत नाही. म्हणून महिला सरपंच असूनही पोहोच शून्य, अशी गावे निर्माण होतात आणि मग आरक्षणाने काही झाले नाही असा निष्कर्ष त्या गावांवरून काढला जातो.

येथे एका गैरसमजाविषयी सांगितले पाहिजे. आधी पद मिळते आणि मग महिला जाग्या होतात, असा क्रम नेहमी नसतो. महाराष्ट्रात १९७२ नंतरच्या महागाईविरोधी आंदोलनात मृणाल गोरे, अहिल्या रांगणेकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मुंबईच्या हजारो गृहिणींना लाटणी आणि थाळ्या घेऊन रस्त्यावर आणले. रॉकेल, साखर, तेल, पाणी हे विषय घरातील बाईच्या हातातले होते, आणि पाणीवाली बाई म्हणून मृणालताई जेव्हा १९७७ मध्ये लोकसभेवर गेल्या तेव्हा त्यांच्यामागे सभेला येण्याची सवय झालेल्या महिला आधीच उभ्या होत्या. शेतकरी संघटनेच्या १९८६ च्या चांदवड येथील महिला अधिवेशनानंतर काही गावांनी ग्रामपंचायतीसाठी केवळ महिलांची पॅनेल उभी केली. जळगाव जिल्ह्यातील विटनेर येथे १९८९ मध्ये असे पॅनेल निवडून आले, तेव्हा ७३ वी घटनादुरुस्ती व्हायची होती. नेतृत्वाने महिलांना पुढे आणले की महिलांच्या संघटनेने नेतृत्व घडवले, हे या उदाहरणांत वेगळे काढता येत नाही, आणि काढण्याचा हट्टही धरू नये.

आज आपल्या गावांत ती जागा काही अंशी बचत गटांनी घेतली आहे. माझा अनुभव असा आहे की जेथे गट आधीपासून चालत होते तेथे महिला सरपंचाचा परिणाम लवकर आणि खोल होतो. गटाच्या बैठकीत दर महिन्याला नाव पुकारले की उत्तर द्यायचे, हिशेब विचारायचा, वहीवर सही करायची हा सराव झालेला असतो. ग्रामसभेत उभे राहताना पाय कापत नाहीत, कारण शेजारी गटातल्याच नऊ जणी बसलेल्या असतात. एकटी बाई सभेत बोलली की संध्याकाळी भावकीत तिच्या नवऱ्याला ऐकून घ्यावे लागते. दहा जणी बोलल्या की कोणाच्या नवऱ्याला बोलायचे हेच ठरत नाही. महिला सरपंचाने या गटांना केवळ हळदीकुंकवाला आणि स्वागताच्या रांगोळीला बोलावले, की त्यांना अंदाजपत्रकाच्या सभेलाही बोलावले, यावर पुढचे पुष्कळ अवलंबून असते. असे बोलावणे एका व्यक्तीच्या मर्जीवर न राहता नियम व्हावे, हे सांगण्यासाठी मी प्रशिक्षणात नॉर्वेचे उदाहरण देते: १९८६ साली तेथील पंतप्रधान ग्रो हार्लेम ब्रुंटलंड यांनी १८ जणांच्या मंत्रिमंडळात आठ महिला घेतल्या. त्याआधी त्यांच्या पक्षाने उमेदवारीत महिलांचा किमान वाटा नियम म्हणून स्वीकारला होता, आणि म्हणून तो बदल त्यांच्यानंतरही टिकला.

लोकसभा आणि विधानसभांसाठी एक तृतीयांश आरक्षणाची १०६ वी घटनादुरुस्ती २०२३ मध्ये झाली आहे, आणि जनगणना व मतदारसंघांची पुनर्रचना यांच्याशी तिची अंमलबजावणी जोडलेली आहे. त्या जागा येतील तेव्हा त्या भरण्यासाठी घराण्यांकडे नावे तयार असतील. पंचायतीतून आणि जिल्हा परिषदेतून वर आलेली किती नावे असतील, हे मात्र आता मधल्या पायऱ्यांवर काय घडते यावर ठरेल.

आता तुमच्या प्रबंधाविषयी. तुमच्या गावातील आणि शेजारच्या, पद राखीव नसलेल्या, दोन गावांतील ग्रामसभांच्या आणि महिला सभांच्या नोंदवह्या दहा वर्षांच्या मागवा. तुम्हाला त्या पाहण्याचा अधिकार आहे. उपस्थितीच्या सह्यांवर फार विसंबू नका. ग्रामसभेच्या गणपूर्तीसाठी मतदारांच्या १५ टक्के किंवा १०० यांपैकी जी संख्या कमी असेल तितके लोक लागतात, आणि ती भरावी म्हणून सभा झाल्यावर शिपायाला घरोघर पाठवून महिलांच्या सह्या घेण्याचा प्रकार मी एका गावात स्वतः पाहिला आहे. एकाच शाईत, एकाच वळणाच्या ओळीने सह्या दिसल्या तर त्या बाजूला ठेवा. त्याऐवजी ठरावांचे सूचक आणि अनुमोदक कोण आहेत ते मोजा, महिलांच्या नावाने आलेले अर्ज मोजा, आणि त्या अर्जांवर काय झाले ते पुढच्या इतिवृत्तात शोधा. त्यानंतर माजी सरपंचांना भेटा, पण त्याआधी ज्यांनी अर्ज दिले त्या महिलांना भेटा आणि एवढेच विचारा की अर्ज कोणाच्या हातात दिला आणि उत्तर कोणी दिले. सरपंचबाईंच्या हातात दिला असे उत्तर किती वेळा येते, त्यावरून तुमच्या गावाचे बरेच काही कळेल.

तुम्ही स्वतःसाठीही विचारले आहे म्हणून शेवटी इतकेच सांगते. पुढची महिला सभा कोणत्या दिवशी आहे ते ग्रामसेवकांना (आता त्यांना ग्रामपंचायत अधिकारी म्हणतात) विचारून घ्या, वेळ अडचणीची असेल तर बदलण्याचा लेखी अर्ज बचत गटातील चार जणींच्या सह्यांसह द्या, त्या दिवशी अभ्यासक म्हणून मागे न बसता तुमच्या गल्लीची एक मागणी तुमच्या नावाने इतिवृत्तात नोंदवायला लावा, आणि त्या पानाची प्रत मागून घ्या.